ती कंपनी

ठाण्यातल्या एका सभागृहात मैथिलीचा सत्कार होता. खनिज तेलाचे भाव कोसळले तेव्हा तिच्याबरोबरीच्या बहुतेक लहान तेलकंपन्या बंद पडल्या होत्या. गुजरातेतल्या नऊ जुन्या विहिरींवर चालणारी तिची कंपनी मात्र टिकली.

"तुम्हाला हे कसं जमलं?" श्रोत्यांतून कुणीतरी विचारलं.

"भाव चढले तेव्हा सगळे नवीन विहिरी खणत सुटले. मी जुनेच पंप दुरुस्त करत बसले. कारण नवीन विहिरी खणणं पूर्वी एका कंपनीने करून पाहिलं होतं. चढत्या भावात सात विहिरी खणल्या, पाच कोरड्या निघाल्या आणि कंपनी बुडाली. ती चालवणाऱ्या माणसाने माझ्या लहानपणापासून मला आपली प्रत्येक चूक नकाशे पसरून समजावली. एकही लपवली नाही."

मागच्या रांगेत कोपरीहून आलेले, सगळे ज्यांना भाऊ म्हणत असे एक सत्तरीतले गृहस्थ बसले होते. त्या बुडालेल्या कंपनीचं नाव त्यांनी पंचवीस वर्षांत बाहेर कुणापुढे काढलं नव्हतं. ते ताठ उभे राहिले आणि शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "ती कंपनी माझी. आणि ही मुलगीसुद्धा."