गाडीतलं कीर्तन

दिल्लीत पहाडगंजातल्या कीर्तनाला भार्गवबुवांना फरीदाबादहून आपल्या गाडीतून न्यायचं भाग्य उल्हासच्या वाट्याला आलं होतं. मोठ्या कौतुकाने त्याने बुवांच्याच कीर्तनाचं रेकॉर्डिंग लावलं. गजर रंगात आला, तसे त्याचे दोन्ही हात स्टिअरिंग सोडून टाळ्या वाजवू लागले. पुढची रिक्षा थोडक्यात वाचली.

बुवांनी हात लांबवून रेकॉर्डिंग बंद केलं.

"सॉरी, बुवा," उल्हास ओशाळून हसला. "पण तुमच्या गजराला हात आवरतात होय कुणाचे?"



"आमच्या थोरल्या मुलाचेही आवरले नाहीत," बुवा म्हणाले. "पोलिसांनी गाडीचं दार कापून काढलं, तेव्हा आत माझंच कीर्तन चालू होतं."