लेबलाची मागची बाजू

"नाव सोडून काहीही घाला," ती म्हणाली. "फूल घाला, पान घाला, नाहीतर नुसती सुई घाला."

लेबलं विणणाऱ्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्या लेकीकडे पाहिलं. लेकीने सुस्कारा सोडला. हा वाद घरापासून बरोबर चालत आला होता.

"आई, कोट कुणी शिवला हे लोकांना कळायला नको?"

"कोट अंगात नीट बसला की झालं. शिवणारीचं नाव मानेवर घेऊन कोण हिंडतं?"

म्हणायला हे ठीक होतं. खरं कारण मात्र काउंटरवर तिच्या नमुन्याच्या कोटाशेजारी पडलं होतं. तोही कोटच होता, पण मास्तरांच्या दुकानातला.

तरुणपणी ती ह्या शिंपी मास्तरांच्या कोटांच्या कारखान्यात काजं करायला होती. एकदा धीर करून तिने अख्खा कोट शिवून दाखवला. मास्तरांनी कॉलर दोन बोटांत धरली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या हातात कोट नाही. तू आपली काजंच कर." काजं करणाऱ्या बाकीच्या जणी हसल्या. त्याच संध्याकाळी तिने काम सोडलं. तिथून पुढे बावीस वर्षं, केवळ जिद्दीपायी, तिने घरी बसून कोटच शिवले. एक व्यापारी कापलेलं कापड आणून टाकायचा आणि तयार कोट गठ्ठ्याने घेऊन जायचा. लेबल नाही, बटणं नाहीत. ती तोच पुढे कुठेतरी लावून घ्यायचा. कोट कुठे जातात हे तिने कधी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

आता लेकीला नोकरी लागली होती, आणि आईने स्वतःच्या नावाने कोट विकावेत असं तिच्या डोक्यात होतं. पहिल्या पगारात तिने आईसाठी मास्तरांच्या दुकानातला कोट आणला. आईने तो एकदाही अंगात घातला नाही. दाराच्या खिळ्याला टांगला आणि येता-जाता बघत बसली. असलं राखी कापड व्यापाऱ्याकडूनही यायचं, पण मास्तरांच्या कोटावर ते तिला वेगळंच वाटायचं.

काकांनी नमुन्यांचा ट्रे पुढे ओढला. तिने एकेक लेबल उचलून मानेवर घासलं.

"हे टोचतंय."

"गरम पात्याने कापलेली कड आहे."

"मग नको. दोन्ही टोकं आत दुमडून घ्या. आणि हे चकचकीत सूत दोन धुण्यांत पिंजून जाणार."

काका हसले. "ताई, तुम्हाला लेबलातलं बरंच कळतं."

"लेबलातलं नाही हो, मानेतलं कळतं."

"रुंदी किती ठेवू?"

"चांगलं तीन बोटं ठेवा. आतलं कापड कमी पडलं की मी तिथेच जोड घालते. तो झाकला पाहिजे."

"हिच्या घरात चिंधीसुद्धा वाया जात नाही," लेक म्हणाली. तिच्या बोलण्यात चेष्टा होती आणि अभिमानही होता. तो लपवायचं तिला काही कारण नव्हतं. शिवणयंत्राच्या आवाजात ती लहानाची मोठी झाली होती आणि ह्या हातासारखा हात तिने दुसरा पाहिला नव्हता.

काकांनी दोन्ही कोट उलटे केले. कॉलरवरून अंगठा फिरवला. "हे लेबल नसतं तर ह्यातला तुमचा कुठला ते कळलं नसतं."

"अहो, दिसत नाही का? ही मास्तरांची कॉलर बघा कशी वळलीय. माझी तिथे जरा जड पडते. एवढी वर्षं झाली, पण ते वळण काही मला साधत नाही."

काकांनी पुन्हा अंगठा फिरवला. "मला काही फरक लागत नाही."

"कसा लागेल? तुम्ही पडलात लेबलवाले." मग तिने मास्तरांच्या किरमिजी लेबलावर हलकेच बोट ठेवलं. "पोत मात्र असा हवा."

"मग मागची बाजू बघावी लागेल. पुढून सगळीच लेबलं साजरी दिसतात."

"मास्तरांचं लेबल उसवायचं?"

"कोट तुझा आहे," लेक म्हणाली. "मी दिलाय."

तिने कोट जवळ घेतला. मग पर्समधून छोटी कात्री काढून म्हणाली, "मीच उसवते. दुसऱ्या कुणी कापड ओढलं तर माझा जीव जायचा."

ती एकेक टाका कापत गेली. मध्येच थांबली. "लेबल लावलंय मात्र अगदी नवख्या हाताने. कॉलर अशी आणि टाके असे? मास्तरांचं लक्ष कमी झालेलं दिसतंय."

लेबल सुटलं. काकांनी ते भिंगाखाली उलटं धरून धागे मोजले. "चांगलं आहे, पण ह्याहून बारीक विणून देतो. आता शेवटचं विचारतो. नावाचं काय?"

तिने काकांच्या हातातल्या मास्तरांच्या लेबलाकडे पाहिलं. ह्याच्या शेजारी आपलं नाव टांगलेलं दिसलं, तर काजं करणाऱ्या सगळ्या जणी पुन्हा हसतील असं तिला वाटलं. तिने ट्रे काकांकडे परत सरकवला. "फूलच घाला."

काकांनी कागदावर फूल लिहिलं.

लेकीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने कोट स्वतःकडे ओढला होता. लेबल होतं तिथे, कॉलरच्या आत, दोन बोटांएवढा निळ्या कापडाचा जोड होता. त्यावर पांढरी बदकं होती.

"आई," ती म्हणाली, "हा माझा तिसरीतला फ्रॉक आहे."