मुलींचा तास

सुभेदार मानसिंग वर्गाच्या दारात उभे राहिले आणि चारुलताबाईंचं वाक्य अर्ध्यावरच थांबलं. शुक्रवारचा शेवटचा तास मुलींचा. वयात येणं, दिवस राहणं, नको असेल तेव्हा ठामपणे नाही म्हणणं, सगळं बाई त्यात मोकळेपणानं सांगत. फलटणजवळच्या त्या गावात यावर कुजबुज होतीच.

मुख्याध्यापक आप्पासो मागून धावत आले. फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदारांनी एका आवाजात जत्रेतला डीजे बंद पाडला होता. या तासाची काय कथा! त्यातून गेल्या साली त्यांचीच नात राजेश्वरी, दिवस गेले म्हणून अकरावीतून घरी बसली होती. तेव्हापासून ते पारावरही येईनासे झाले होते. आप्पासोंनी चहाचं विचारून पाहिलं.

सुभेदार मागच्या बाकावर जाऊन बसले. गुडघे मावेनात, म्हणून एक पाय बाहेर काढला. बाईंना म्हणाले, चालू द्या तुमचं. मुली माना खाली घालून हसू दाबत होत्या. बाईंनी तास पुरा केला. चुकून दिवस राहिलेच तर घाबरून लपवू नका, आमच्याकडं या, शाळेचं दार तुम्हाला बंद होत नाही, असं त्यांनी शेवटी सांगितलं.

सुभेदार उठले. आप्पासोंनी डोळेच मिटून घेतले.

"दाराचं म्हणालात, ते खरं का?"

"खरं," बाई म्हणाल्या.

सुभेदारांनी खिशातून फोन काढला आणि तिथंच घरी लावला. "राजे, दप्तर काढ. सोमवारपास्नं शाळा."

मग त्यांनी आप्पासोंना सांगून टाकलं, की राजेश्वरीचं बाळ दिवसभर ते स्वतः सांभाळतील, पेन्शनीत बसलेल्या माणसाला दुसरं काम काय. मधल्या सुट्टीत पाजायला घेऊन येतील, तेवढी एक खोली मोकळी हवी. आप्पासोंनी घाईघाईनं आपलं ऑफिसच देऊ केलं.

तिघं बाहेर आले. मैदानावर मुलांची कबड्डी रंगात आली होती. मुलींचा तास असला की मुलांना खेळायला सोडतो, आप्पासो म्हणाले. सुभेदार पायरीवर थबकले. त्यांनी त्या मुलांकडं बोट केलं.

"त्यास्नीबी आत घ्या," ते म्हणाले. "माझ्या नातीला ह्यातलं काय कुणी सांगितलं न्हवतं. आन त्या पोरालाबी न्हाई."