सहाव्या मजल्यापर्यंत

मुलाखत सहाव्या मजल्यावर आहे, असं दारावरच्या शिपायाने सांगितलं आणि आईने आधी जिना कुठे आहे ते पाहून घेतलं.

लेक लिफ्टसमोर क्षणभर थांबली. तिने बंद दाराकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. ती काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "जिन्याने जाऊ या की. बसून बसून पाय आखडलेत माझे."

"चालेल," लेक म्हणाली आणि तिने आईचा हात घट्ट धरला.

दुसऱ्याच मजल्यावर आईचे गुडघे कुरकुरू लागले. तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. लेकीचं झाकायचं म्हटल्यावर गुडघ्यांचे लाड करून कसं चालेल?

लेक अंतराळवीर व्हायला निघाली होती. शेजारीण एकदा म्हणाली होती, "आभाळात जायला कसला आलाय अभ्यास? छाती हवी फक्त." कसला म्हणजे! आधी इंजिनिअरिंग, मग त्यातच डॉक्टरेट. विमान चालवायचा परवाना. खोल पाण्यात तास न् तास राहायचा सराव. आणि वर एक परकी भाषा, जी लेक भांडी घासताना मोठमोठ्याने घोकायची. दात, कान, हृदय, सगळं डॉक्टरांनी तपासलं होतं. डोळ्यांची जबाबदारी मात्र आईने स्वतःकडे घेतली होती. तिचं चष्म्यांचं दुकान होतं. दर महिन्याला शटर अर्धं ओढून ती लेकीला अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवायची.

"चष्मेवालीच्याच पोरीला नंबर लागला तर लोक म्हणतील, दिव्याखाली अंधार," असं म्हणून दोघी हसायच्या.

डोळे शाबूत राहिले. पण आईला जी धास्ती होती, ती डोळ्यांची नव्हतीच.

लेक पहिलीत असताना दोघी एका लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. वीज गेली आणि मिट्ट काळोख झाला. आईने दार बडवलं, घसा फाटेस्तोवर आरडाओरडा केला. लेक मात्र चिडीचूप उभी होती. रडलीसुद्धा नाही. बाहेर काढल्यावरही कितीतरी वेळ तिने आईच्या कमरेची मिठी सोडली नाही. पोरीने हाय खाल्ली, हे आईने तेव्हाच ओळखलं.

तेव्हापासून लिफ्ट दिसली की लेक अडखळायची. नवं घर घ्यायची वेळ आली तेव्हाही तीच हटून बसली, पहिल्या मजल्यावरचंच बघू. आईने तो विषय कधी काढला नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. ती नुसती लेकीबरोबर जिने चढत राहिली आणि दर वेळी स्वतःची काहीतरी नवी सबब सांगत राहिली.

आणि आता ही मुलाखत. सगळ्या परीक्षा झाल्यावर म्हणे घरच्या माणसाला बोलावतात. जिला लिफ्ट सोसत नाही ती यानाच्या एवढ्याशा डबीत कशी बसणार, असं कुणी विचारलं तर? आईला रात्र रात्र झोप लागली नव्हती. तिथे काय काय चाचण्या झाल्या, हे बाहेर सांगायला लेकीला बंदी होती, त्यामुळे विचारायचीही सोय नव्हती.

चौथ्या मजल्यावर लेक थांबली.

"आई, एक सांगू? आत जे विचारतील त्याचं खरं तेच उत्तर दे. कशाची लाज वाटून घेऊ नकोस."

बिचारी, स्वतःच्या पायावर स्वतःच धोंडा मारून घ्यायला निघाली आहे, आईला वाटलं. तिला भडभडून आलं.

"तू नको काळजी करू," ती म्हणाली. काय बोलायचं, ते तिने तिथेच ठरवून टाकलं.

सहाव्या मजल्यावर लेक बाहेरच्या बाकावर बसली आणि आई एकटी आत गेली. आत टेबलापाशी मानसतज्ज्ञ बाई होत्या. त्यांनी पाणी पुढे केलं, सावकाश पिऊ दिलं.

"रागावली की काय करते ती?"

"कपाटं आवरते," आई म्हणाली. "घर आवरायला काढायचं असलं की मीच मुद्दाम चिडवते तिला."

बाई हसल्या. आईला जरा धीर आला. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "दम लागलाय तुम्हाला. जिन्याने आलात का? लिफ्ट तर चालू आहे."

आईने पेला टेबलावर ठेवला. न शोभणारी फ्रेम गिऱ्हाइकाला शोभते म्हणून सांगणं निराळं आणि हे निराळं.

"मला भीती वाटते हो लिफ्टची," ती म्हणाली. "फार वर्षांपूर्वी आम्ही दोघी अडकलो होतो, तेव्हापासून. ती आपली माझ्यासाठी चढते. तिला कसली भीती न् काय!"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. पकडलं, आईच्या मनात आलं. माझ्यामुळे गेलं पोरीचं सगळं.

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "तिने पहिल्याच दिवशी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"हेच. त्या दिवशी तुम्ही किती घाबरला होतात ते. तुम्हाला ओशाळं वाटू नये म्हणून ती कधी बोलली नाही, नुसती तुमच्याबरोबर जिने चढत राहिली. पहिल्या मजल्यावरचं घरसुद्धा तिने त्यासाठीच घ्यायला लावलं ना?" बाईंनी तिचा रिकामा पेला बाजूला ठेवला. "अहो, तिला आम्ही दिवसभर एका बंद पेटीत ठेवलं होतं. लिफ्टच्या निम्मीही नसेल. उघडून बघतो तर ही आत घोरत होती."

आईने वळून बंद दाराकडे पाहिलं. पलीकडे बाकावर लेक बसली होती.

"तिची निवड तर कधीच झाली. आज तुम्हाला मी बोलावलंय ते वेगळ्याच कारणासाठी. ती अजून होकार देत नाहीये." बाई पुढे झुकल्या. "म्हणते, मी वर गेल्यावर आईबरोबर जिने कोण चढणार?"