आज्ञेविना माघार

"आधी हे सांग, किल्ला सोडून जाणाऱ्या किल्लेदाराला तुझ्या प्रबंधात काय म्हटलंयस?" मेजर सूर्यकांत यांनी विचारलं.

स्वरूपाला त्यांच्या दिल्लीतल्या द्वारका भागातल्या फ्लॅटवर येऊन जेमतेम पाच मिनिटं झाली होती. मुनिरक्यात खोली घेऊन राहते, सरहद्दीवरच्या किल्ल्यांवर संशोधन करते, एवढंच तिनं फोनवर सांगितलं होतं. निवृत्तीनंतर मेजर फारसे कुणाला भेटत नसत. पण किल्ल्यांचं नाव निघालं की त्यांचा नाइलाज होई.

"शहाणा म्हटलंय," स्वरूपा म्हणाली.

"अच्छा! आणि शेवटपर्यंत लढला तो?"

"तोही शहाणाच, सर, मागून कुमक येणार असेल तर. किल्ल्याचं काम शत्रूला अडवून वेळ मिळवायचं. औरंगजेबाची फौज एकेका किल्ल्याखाली महिनोन् महिने अडकून पडायची. दाणागोटा संपत आला की आपले किल्लेदार बोलणी करून माणसं सुखरूप बाहेर काढायचे. किल्ला जायचा, पण माणसं राहायची. म्हणून तर पुढे किल्ले परत घेता आले."

बाहेरून एक विमान इतकं खालून गेलं की खिडकीच्या काचा थरथरल्या. मेजरांनी उठून खिडकी लावून घेतली.

"पुस्तकात ठीक आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी बर्फातली एक चौकी माझ्या ताब्यात होती. अकरा दिवस धरली. वायरलेस बंद, दारूगोळा संपत आलेला. बाराव्या दिवशी मी चौकी सोडली. तसा हुकूम नव्हता. चौकशीत लिहिलं गेलं, आज्ञेविना माघार. मेजर होतो, मेजरच निवृत्त झालो."

चहा घेऊन आलेल्या मेजरांच्या पत्नी, कुमुदकाकू, दारातच थबकल्या. हे त्यांनीसुद्धा नवऱ्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"पुढे चौकीचं काय झालं?" स्वरूपानं विचारलं.

"पाच आठवड्यांनी दुसऱ्या तुकडीनं परत घेतली."

"आणि तुमची माणसं?"

"एकोणीस जण होते. सगळे खाली आले. दोघांना पाठीवरून आणावं लागलं." मेजरांनी चष्मा काढला. "नंतर पलटणीतल्या कुणालाच मी तोंड दाखवलं नाही. भेटायला यायचे, फोन करायचे. मी टाळत गेलो. माझ्यापायी त्यांच्याही नावाला बट्टा लागला. काय बोलणार होतो त्यांच्याशी?"

"त्या अकरा दिवसांत खाली दुसरी फळी उभी राहिली ना, सर? मग चौकीचं काम झालंच होतं."

मेजर किंचित हसले. "यार, तू मला पास करायला निघालीयस! आधी तुझ्या गाइडना हे पटवून दाखव. कोण आहेत ते?"

स्वरूपानं कप खाली ठेवला.

"गाइड नाहीत, काका. प्रबंधही नाही. मी गुरुग्रामला दातांची डॉक्टर आहे. किल्ल्यांवर बोलायला आलेल्यालाच तुम्ही भेटता असं कळलं, म्हणून चार महिने वाचत होते." तिनं खिडकीकडे बोट दाखवलं. "पाठीवरून आणलेल्या त्या दोघांतले एक खाली गेटपाशी उभे आहेत. बाबांना वर बोलावू?"