भुशाचं पिंप

पाणी पुन्हा निळं झालं.

रघुवीर मास्तरांनी परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरली, हलवली, पुन्हा धरली. अमोनियाचे थेंब टाकले की तांबं असलेलं पाणी निळं होतं, नसलं तर जसंच्या तसं राहतं. इतकी साधी गोष्ट. आणि ही निळसर झाक रोज सकाळी त्यांना वाकुल्या दाखवत होती.

"अरे, भुसा बदलला, धुतला, दाबून भरला! आता काय आरती ओवाळू?" रिकाम्या प्रयोगशाळेत ते ओरडले.

भोरच्या शाळेत ते विज्ञान शिकवत. गावाबाहेर सर्जेरावांचा तांब्याच्या भांड्यांचा कारखाना होता. भांडी तेजाबात धुतली की ते पाणी थेट ओढ्यात. आणि ओढ्याकाठच्या झऱ्यावर बौद्ध वस्ती पाणी भरायची. वस्तीतल्या सरूबाईची नात अंजना हे पाणी प्यायली की ओकायची. पोर वाळून चालली होती. लाकडाचा भुसा पाण्यातलं तांबं धरून ठेवतो, असं मास्तरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. वखारीत भुसा फुकट मिळायचा. त्यांनी सरूबाईच्या दारात एक पिंप ठेवलं, तळाशी तोटी बसवली, भुसा भरला आणि झऱ्याचं पाणी त्यातून गाळून प्यायला सांगितलं.

सुरुवातीला पाणी चक्क स्वच्छ आलं होतं. म्हणून तर मास्तर छाती पुढे काढून सर्जेरावांकडे गेले.

"माझ्यासमोर एकदा स्वच्छ पाणी दाखवा," सर्जेराव म्हणाले. "कारखान्याच्या तोंडालाच भुशाचे हौद बांधतो. खड्डे आजच खणायला लावतो. पर न्हाई दाखवलंत, तर पुन्यांदा माझ्या दारात यायचं न्हाई."

खड्डे खणले गेले, आणि नेमकं तेव्हापासून पाणी निळं यायला लागलं. कर्म आपलं, दुसरं काय!

पिंपाचं पाणी काचेच्या बाटलीत भरून आणायचं तर शाळा सुटल्यावर. तोवर प्रयोगशाळेला कुलूप. अमोनियाची बाटली हेडमास्तर शाळेबाहेर नेऊ देत नसत, जणू ती त्यांच्या लग्नातला आहेर होता. म्हणजे पाणी रात्रभर घरी ठेवणं आलं.

त्यावरूनही घरात तमाशा झालाच होता.

"वस्तीवरचं पाणी? माझ्या घरात?" आई पहिल्याच दिवशी कडाडली होती.

"आई, बाटली आहे ती. पंगतीला बसायला नाही आली."

आईने अबोला धरला. मग एका संध्याकाळी आपणहून म्हणाली, "ठेव ती कोनाड्यात. बघते मी."

मास्तरांना बरं वाटलं. काळ बदलतो, आईसुद्धा बदलते. त्यानंतर रोज सकाळी बाटली पुसून, बूच घट्ट लावून कोनाड्यात तयार असायची. घरातून एवढी मदत त्यांना आजवर कधी मिळाली नव्हती.

पण कटकटी संपतात कुठे! "चिंच संपली रे," आई दर बाजाराला सांगायची.

"परवाच आणली ना? खातेस की काय नुसती?"

"भांडी काय आपोआप लखलखतात?"

भुसा आणा, चिंच आणा. मास्तरांच्या दोन्ही हातांना पिशव्या.

शेवटी सर्जेराव शाळेत आले. मास्तरांनी आदल्या संध्याकाळी नव्या भुशातून गाळून आणलेलं पाणी नळीत ओतलं. अमोनिया टाकला.

निळं.

सर्जेराव हसले नाहीत, हेच मास्तरांना जास्त लागलं. "मास्तर, शिकवायचं काम बरं हाय तुमचं. त्येच करा," एवढं बोलून ते गेले. दुपारपर्यंत खड्डे बुजवलेसुद्धा.

मास्तर तडक वस्तीवर गेले. पिंप आडवं केलं आणि भुसा अंगणात ओतला.

"अवो मास्तर, काय करताय ह्ये?" सरूबाई धावत आली. "पोरीचं ओकणं थांबलं व्हतं ह्या पाण्यानं! दोन घास खायला लागली व्हती!"

"योगायोग असेल, सरूबाई. पाण्यात तांबं आहे. मी डोळ्यांनी बघितलंय."

"आन म्या पोरगी डोळ्यानं बगितली न्हाई व्हय?"

मास्तरांनी रिकामं पिंप भिंतीला टेकवलं. त्यांना स्वतःचाच इतका राग आला होता की दुसऱ्याचं ऐकून घ्यायला जागाच नव्हती.

आठवड्यानंतर ते रिकामं पिंप न्यायला गेले. अंजना भिंतीला टेकून बसली होती, पुढ्यात राखेचं घमेलं. पुन्हा झऱ्याचं पाणी, पुन्हा ओकणं. सरूबाई त्यांच्याकडे न बघता पेटत्या शेगडीत भुसा टाकत होती. तोच भुसा, उन्हात वाळवलेला.

"इचित्रच हाय तुमचा भुसा," ती म्हणाली. "जाळ बगा कसा निगतोय."

मास्तरांनी पाहिलं. जाळ हिरवागार होता.

तांबं जळलं की जाळ हिरवा होतो. हे ते दरवर्षी मुलांना शिकवत. म्हणजे भुशाने तांबं धरलं होतं. पहिल्या दिवसापासून धरत होता. मग बाटलीत तांबं आलं कुठून?

पिंप तिथेच टाकून ते घराकडे सुटले. आई मागल्या दारी बसून तांब्याच्या घागरीला चिंच लावत होती. त्यांचा घामेजलेला चेहरा पाहून ती मायेने हसली.

"संपला ना एकदाचा तुझा तो प्रयोग? सुटले बाई! वस्तीवरचं पाणी घरात तसंच कसं ठेवायचं? रोज रात्री तुझी बाटली या घागरीत ओतून शुद्ध करत होते, आणि सकाळी परत भरून ठेवत होते."