बॅटरीवर चालणारी गाडी

नवी गाडी बॅटरीवरही चालते आणि पेट्रोलवरही. "पोटातलं पाणी हलत नाही," असं हेमांगी, माझी बायको, सगळ्यांना सांगते.

पाच वर्षांपूर्वी वडिलांचा खुबा मोडला, तेव्हा जुन्या जीपमधून मी त्यांना जळगावहून धुळ्याला नेलं. रस्ताभर खड्डे. प्रत्येक गचक्याला नाना मागून विचारायचे, "धुयं कितलं दूर शे रे, दीपक?" पारोळ्याच्या पुढे मी खेकसलो, "गप बसा ना, नाना!"

ते गप्प बसले. धुळ्यात उतरवलं तेव्हा संपलेले होते.

बॅटरीवर गाडीचा अजिबात आवाज होत नाही, म्हणून मी ती चार्जच करत नाही. इंजिन घरघरलं की बरं वाटतं. हेमांगीला मी कारण सांगितलेलं नाही.

काल तिनेच चार्जिंग लावलं. आज आम्ही दोघं धुळ्याला निघालो, तेव्हा गाडी आवाज न करता अंगणातून बाहेर पडली.

पारोळा मागे पडला. आता तिथे खड्डा उरलेला नाही. तरी मागची सीट करकरली.

"धुयं कितलं दूर शे रे, दीपक?"

मी आरशात पाहिलं नाही. शेजारी हेमांगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली,

"आलंच हं, नाना."